पडदा गोठतो, मशीन नव्हे : सीएनसी राऊटर चालविणाऱ्या सुतार बंधूंसाठी

मागील पावसाळ्यात शिरूर तालुक्यात वडगाव रासाई येथे एका सुतार मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाण्याचा योग आला. हा भाग उसाचा. ऊस कारखान्याला गेला, हाती पैसा आला की बंगल्याचे काम निघते, आणि बंगला उभा राहिला की दर्शनी दाराला नक्षी ही हवीच असते. पूर्वी अशी नक्षी पटाशीने कोरली जात असे व एका दारामागे दोन माणसे आठ-दहा दिवस बसून राहत. आता गावोगावी सीएनसी राऊटर पोचले आहेत. सहारनपूरच्या कारागिरांच्या हातची वेल आता संगणकातून उतरते. हे चांगले की वाईट, हा वाद आजचा नाही. ज्याने कर्ज काढून मशीन बसविले आहे, त्याला ते चालवावेच लागते.

त्या दिवशी बेडवर सागवानी दाराचा पल्ला बांधलेला होता. लाकूड गिऱ्हाइकाचे होते, म्हणजे एक प्रकारे अमानतच. तीन तास कोरीवकाम झाले होते आणि तास-सव्वा तासाचे काम शिल्लक असताना लाईट गेली. संगणक यू.पी.एस.वर असल्याने तो चालू राहिला, पण मशीन जागच्या जागी थांबले. बिट लाकडातच रुतलेले. अर्ध्या तासाने लाईट आली. पहिल्यापासून काम सुरू केले तर तीन तास हवेत जाणार, म्हणून माझ्या मित्राने एक युक्ती केली. मशीनच्या सॉफ्टवेअरमधील फाईल दुरुस्त करण्याचे बटण दाबले, नोटपॅड उघडले, झालेल्या कामाच्या वरच्या सर्व ओळी पुसून टाकल्या आणि फाईल सेव्ह केली. नोटपॅड मात्र बंद केले नाही, नुसते खाली दडपले. मग स्पिंडल हाताने चालू करून तो सॉफ्टवेअरकडे आला आणि 'स्टार्ट' दाबले.

काहीच झाले नाही. पुन्हा दाबले. तिसऱ्यांदा दाबले. पडदा पांढुरका झाला आणि वर लिहून आले की प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही.

"मामू, तोवर भुसा काढू का?" त्याच्या भाच्याने विचारले.

"काढ रे. हे तर अडकून बसलंय."

मी शेजारीच उभा होतो. खालच्या पट्टीवर नोटपॅड उघडे दिसले. हे कशाला उघडे ठेवले, असे म्हणत मीच ते बंद केले. त्याच क्षणी सॉफ्टवेअर जागे झाले, नवी फाईल त्याने आत घेतली, आणि मघाशी दाबलेला 'स्टार्ट' त्याने आता अमलात आणला. गॅन्ट्री आडवी धावली. बिट लाकडातच होते. दीड वीत लांबीचा चर पल्ल्यावर पडला, बिट मोडले आणि त्याचा तुकडा पत्र्यावर जाऊन आदळला. भाच्याचा हात त्या चराच्या रेषेपासून चार बोटांवर होता.

पल्ला गेला तर भरून देता येतो. बोटे गेली तर कारागिराचे पोट जाते. म्हणून त्या दिवशी नेमके काय घडले, हे आपण सावकाश उलगडून पाहू या. ज्यांच्याकडे राऊटर, प्लाझ्मा कटिंग किंवा दगड कोरण्याचे मशीन आहे त्या सर्वांना हे लागू पडते.

फाईलमध्ये असते तरी काय?

आपण डिझाईन करतो तेव्हा पडद्यावर वेल, फूल, जाळी दिसते. मशीनला मात्र चित्र कळत नाही. त्याला ओळीओळींचे हुकूम लागतात. या हुकुमांच्या भाषेला जी-कोड म्हणतात. ही भाषा नवी नाही. अंकांच्या हुकुमावर चालणारे मिलिंग मशीन अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९५२ साली दाखविण्यात आले. पुढे तेथील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने या भाषेचे आर.एस. २७४ हे प्रमाण ठरविले, त्याची 'डी' ही आवृत्ती १९८० ची. भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांतून आणि आपल्याच तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतून लोखंड कापणारी मशीने हीच भाषा समजतात. सुताराच्या दारात ती फार उशिरा आली, इतकेच.

जी-कोडची फाईल म्हणजे साधा मजकूर असतो. 'जी ०' म्हणजे बिट हवेत ठेवून शक्य तितक्या वेगाने धावणे. 'जी १' म्हणजे दिलेल्या वेगाने कापत जाणे. 'जी २१' म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये आहेत, 'जी ९०' म्हणजे सर्व मापे आपण घेतलेल्या झिरोपासून मोजावीत. 'एम ३' ने स्पिंडल चालू होते, 'एम ५' ने बंद होते, 'एम ३०' म्हणजे काम संपले. एक्स, वाय, झेड ही तीन दिशांची मापे आणि 'एफ' हा कापण्याचा वेग. (येथे ही अक्षरे मराठीत छापली आहेत. फाईलमध्ये ती इंग्रजीतच असतात आणि आकडेही इंग्रजीच लागतात. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.)

साधा मजकूर असल्यामुळे ही फाईल नोटपॅडसारख्या कोणत्याही मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडता येते. मशीन चालविणारी काही सॉफ्टवेअर स्वतः मजकूर दुरुस्त करण्याची सोय ठेवत नाहीत. ती बाहेरच्या प्रोग्रॅमला हाक मारतात. पुष्कळ वर्कशॉपमधून दिसणाऱ्या मॅक-३ मध्ये जी-कोड दुरुस्त करण्याचे बटण प्रथम दाबले की कोणता बाहेरचा प्रोग्रॅम वापरायचा ते विचारले जाते, आणि तो प्रोग्रॅम बंद केल्यावर दुरुस्त केलेली फाईल आपोआप आत घेतली जाते. लिनक्स-सीएनसी या मोफत सॉफ्टवेअरमध्येही बाहेरचा प्रोग्रॅम ठरवून देता येतो, पण तेथे दुरुस्तीनंतर फाईल पुन्हा आत घेण्याचा हुकूम आपण द्यायचा असतो. म्हणजे रीत दोन्हीकडे वेगळी आहे, आणि आपल्या सॉफ्टवेअरची रीत कोणती हे ज्याचे त्याने आधी पाहून ठेवले पाहिजे.

वाट पाहणे आणि अडकणे

आता गोठण्याकडे येऊ. सॉफ्टवेअर दोन प्रकारे थांबते. एक, ते खरोखर अडकते. दोन, ते कोणाची तरी वाट पाहत असते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

पोऱ्याला दुकानातून खिळे आणायला पाठविले आणि "तो येईपर्यंत मी कामाला हात लावणार नाही" असे ठरवून मिस्त्री बसून राहिला, तर गिऱ्हाइकाला मिस्त्री आळशी वाटेल. काही सॉफ्टवेअर नेमके असेच वागते. बाहेरच्या प्रोग्रॅमला हाक मारली की तो बंद होईपर्यंत ते दुसरे काहीच करीत नाही. विंडोजची रीत अशी आहे की एखाद्या प्रोग्रॅमने पाच सेकंदांपर्यंत कळ, माऊस यांची दखल घेतली नाही, तर 'प्रतिसाद देत नाही' असा शिक्का त्यावर मारायचा. प्रोग्रॅम मेला आहे की वाट पाहतो आहे, हे विंडोजलाही ठाऊक नसते.

वडगावात हेच घडले. सॉफ्टवेअर नोटपॅड बंद होण्याची वाट पाहत होते, आणि नोटपॅड खाली दडपलेले असल्यामुळे आमच्या मित्राला ते बंद झाल्यासारखे वाटत होते. मशीनचे सॉफ्टवेअर बहुधा सगळा पडदा व्यापून असते, त्यामुळे मागची खिडकी दिसत नाही. अशा वेळी ऑल्ट आणि टॅब या दोन कळा एकत्र दाबल्या की उघडे असलेले सर्व प्रोग्रॅम ओळीने दिसतात. त्यात नोटपॅड दिसले तर समजावे की हे अडकणे नव्हे, वाट पाहणे आहे.

याहून वाईट गोष्ट म्हणजे दाबलेल्या कळा. थांबलेल्या प्रोग्रॅमवर आपण जे दाबतो ते सर्व वाया जात नाही. शिक्का बसण्याआधीच्या त्या काही सेकंदांत दाबलेली बटणे रांगेत उभी राहू शकतात, आणि प्रोग्रॅम जागा झाला की त्यांची वर्णी लागते. मघाचा 'स्टार्ट' असा रांगेत उभा होता. चिडून तीनदा बटण दाबणे हे आपल्या सर्वांचेच होते, माझेही होते. मशीनच्या संगणकावर ही सवय मोडलीच पाहिजे.

आता याची उलटी बाजू पाहा. साध्या नोटपॅडऐवजी पुष्कळजण नोटपॅड प्लस प्लस वापरतात. ते चांगले आहे, ओळींचे क्रमांक दाखविते, मोठी फाईल जुन्या नोटपॅडपेक्षा बरी पेलते. पण ते आधीपासून उघडे असेल, तर नवी फाईल त्याच खिडकीत एका जादा पानावर उघडते. हाक मारलेला नवा प्रोग्रॅम फाईल जुन्या खिडकीच्या हवाली करून लगेच निघून जातो. मशीनच्या सॉफ्टवेअरला वाटते की दुरुस्ती झाली, आणि ते जुनीच फाईल पुन्हा आत घेते. तुम्ही दुरुस्ती करून सेव्ह करता, पडद्यावर गोठणे वगैरे काही नाही, सर्व सुरळीत दिसते, आणि मशीन मात्र जुन्या फाईलप्रमाणे कापते. माझ्या मते गोठण्यापेक्षा हे अधिक धोक्याचे, कारण येथे कोणी सावधच होत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ही अडचण चांगली माहीत आहे. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या त्यांच्या लाडक्या प्रोग्रॅमला हाक मारताना 'थांब' अशी खास सूचना जोडावी लागते ती याचसाठी. सुताराने इतक्या खोलात जाण्याचे कारण नाही. मशीनच्या संगणकावर साधे नोटपॅड ठेवावे, एका वेळी एकच उघडावे, आणि सेव्ह केल्यावर बंद करावे. त्यानंतर फाईल स्वतः पुन्हा आत घ्यावी आणि बदललेली ओळ पडद्यावर डोळ्यांनी पाहावी.

मोठ्या फाईलचे ओझे

खरोखर अडकण्याची कारणे निराळी. त्यात पहिले कारण फाईलचा आकार. साध्या जाळीची फाईल लहान असते. पण उठावाची नक्षी, म्हणजे फुलाच्या पाकळीचा गोलवा जिथे दिसतो ती, फार मोठी होते. एका ओळीत साधारण २५ अक्षरे धरली, तर १२ एम.बी.च्या फाईलमध्ये सुमारे ५ लाख ओळी बसतात. जुन्या नोटपॅडला ती उघडताना घाम फुटतो. त्यातून ओळ दुमडून दाखविण्याची सोय, म्हणजे वर्ड रॅप, चालू असेल तर विचारूच नका. ती बंद ठेवावी. जुन्या विंडोजवर वर्ड रॅप चालू असताना अमुक क्रमांकाच्या ओळीवर जाण्याची सोयही मिळत नाही, हा दुसरा तोटा.

दुरुस्तीनंतर मशीनचे सॉफ्टवेअर त्या पाच लाख ओळी पुन्हा वाचते आणि वेलीचे संपूर्ण चित्र पुन्हा काढते. जुन्या संगणकावर याला मिनिटेही लागतात. हे गोठणे नव्हे, काम चालू आहे. चहा प्यावा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र न दाखविण्याची सोय आहे, तेथे मोठ्या फाईलसाठी ती वापरावी.

दुसरे कारण फाईल कोठे ठेवली आहे हे. पुष्कळजण पेन ड्राईव्हवरूनच काम चालवितात. धक्क्याने पेन ड्राईव्ह हलला, भुसा आत गेला, की फाईल अर्ध्यावर वाचता येत नाही आणि सॉफ्टवेअर लटकते. फाईल आधी संगणकाच्या डिस्कवर घ्यावी, पेन ड्राईव्ह काढून ठेवावा. तसेच इंटरनेटवर आपोआप प्रत पाठविणाऱ्या फोल्डरमध्ये कामाची फाईल ठेवू नये. आपण सेव्ह करतो त्याच क्षणी तो प्रोग्रॅमही फाईलला हात घालतो आणि एक दुसऱ्याच्या वाटेत येतो. व्हायरस तपासणारा प्रोग्रॅमही कधीकधी असाच मध्ये येतो.

तिसरे कारण फाईलमधील परकी अक्षरे. वर्डसारख्या पत्र लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये जी-कोड कधीही उघडू नये. तो आपली सजावट फाईलमध्ये भरतो. आपले काही बंधू ओळखीसाठी फाईलच्या डोक्यावर मराठीत गिऱ्हाइकाचे नाव लिहितात, किंवा फाईललाच मराठी नाव देतात. कळफलक मराठीवर राहिला तर आकडेही मराठी पडतात. माणसाला ५ हा पाचच दिसतो, मशीनला तो कळत नाही. शिवाय मराठी अक्षरे राहावीत म्हणून फाईल युनिकोड पद्धतीने सेव्ह केली, तर जुने नोटपॅड फाईलच्या सुरुवातीला तीन न दिसणारी चिन्हे घालते. जुने सॉफ्टवेअर त्या पहिल्याच ओळीला अडखळते आणि कारण सापडत नाही, कारण चूक डोळ्यांना दिसतच नाही. जी-कोडची फाईल आणि तिचे नाव दोन्ही इंग्रजीत ठेवावीत. गिऱ्हाइकाचे नाव वहीत लिहावे.

आणखी एक गोष्ट, जी चूक नाही पण चूक वाटते. मॅक-३ ची परवाना न घेतलेली प्रत केवळ ५०० ओळींपर्यंतचीच फाईल चालविते. काम अर्ध्यात संपले, म्हणजे सॉफ्टवेअर बिघडले असे समजून लोक मेकॅनिकला बोलावितात. त्यावर उपाय म्हणून चोरीची प्रत घालणे हा उपाय नव्हे. अशा प्रतीबरोबर आणखी काय येते ते कोणी सांगू शकत नाही, आणि त्याच्या भरवशावर आपण माणसाचा हात मशीनखाली घालतो.

मशीन केव्हा थांबते?

आता लेखाच्या मथळ्याकडे. संगणकाचा पडदा आणि मशीनच्या मोटारी यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नाही. मशीनचे तीन प्रकार आपल्याकडे दिसतात. पहिल्यात संगणक जुन्या प्रिंटर पोर्टमधून थेट मोटारींना ठोके पाठवितो. दुसऱ्यात यू.एस.बी. किंवा नेटवर्कच्या तारेने जोडलेले कार्ड ठोके पाठविते. तिसऱ्यात हातात धरण्याचा कंट्रोलर असतो, फाईल त्याच्या पोटात जाते, आणि संगणक बंद केला तरी चालतो.

पहिल्या प्रकाराचा हिशेब समजून घेण्याजोगा आहे. मॅक-३ मध्ये नेहमीचा ठोक्यांचा वेग सेकंदाला २५,००० असतो, म्हणजे दर ४० मायक्रोसेकंदांनी एक. मोटारीच्या एका फेऱ्याला २०० पावले, ड्रायव्हरने प्रत्येकाचे ८ भाग केले तर १,६०० ठोके. स्क्रू एका फेऱ्यात ५ मि.मी. सरकवित असेल तर १ मि.मी.ला ३२० ठोके पडतात. म्हणजे अशा मशीनचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला ७८ मि.मी. झाला. पापणी लवेपर्यंत गॅन्ट्री चार बोटांचे अंतर सहज तोडते असे नव्हे, पण एका सेकंदात निश्चित तोडते. हात मागे घ्यायला सेकंदाहून कमी वेळ मिळाला तर काय होईल, ते सांगायला नको.

हे ठोके पाठविण्याचे काम पडद्यामागे स्वतंत्रपणे चालते. म्हणून पडदा गोठला तरी आधी घेतलेले हुकूम पुरे होईपर्यंत गॅन्ट्री चालत राहू शकते. स्पिंडलचे तर विचारूच नका. प्रिंटर पोर्टवर एकदा 'चालू' असा इशारा गेला की तो पुसला जाईपर्यंत तसाच राहतो. सॉफ्टवेअर जबरदस्तीने बंद केले तरी बिट फिरतच राहते, आणि एका जागी फिरून लाकूड जाळते.

उलटही घडते. काम चालू असताना त्याच संगणकावर दुसरी मोठी फाईल उघडली, गाणी लावली, तर या ठोक्यांत खंड पडू शकतो. स्टेपर मोटारीला आपण किती पावले चाललो ते कळत नाही. तिने दहा पावले गाळली तर पुढचे सारे काम तितके सरकलेले कापले जाते, आणि पडद्यावर सर्व ठीक दिसते. यासाठी कापणे चालू असताना बाहेरचा कोणताही प्रोग्रॅम उघडू नये.

आता त्या लाल बटणाविषयी. वडगावच्या मशीनवर लाल बटण होते, पण त्याची तार नुसती संगणकाकडे गेलेली होती. म्हणजे बटण दाबले की सॉफ्टवेअरला निरोप जाणार, आणि सॉफ्टवेअरने मशीन थांबवायचे. सॉफ्टवेअरच वाट पाहत बसले असेल तर निरोप कोणाला? लाल बटणाने मोटारींच्या ड्रायव्हरचा आणि स्पिंडलचा वीजपुरवठा कॉन्टॅक्टरमार्फत थेट तोडला पाहिजे. हे काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे. आपले बटण कोणत्या जातीचे आहे हे पाहायचे असेल तर बिट वर हवेत असताना, स्पिंडल फिरत असताना, संगणक पूर्ण बंद करून बटण दाबावे. स्पिंडलची वीज तुटली तर ठीक. (वीज तुटल्यावरही स्पिंडल काही सेकंद आपल्या जोरावर फिरते, हे विसरू नये.)

पडदा गोठला की क्रम असा : आधी लाल बटण, मग हात मागे, मग संगणक. कळफलकाला त्यानंतरच हात लावावा. भुसा काढायचा तर बटण दाबलेले असतानाच, आणि तोही ब्रशने.

अर्ध्यावरून काम कसे सुरू करावे

आमच्या मित्राची युक्ती चुकीची नव्हती, अपुरी होती. त्याने झालेल्या ओळी पुसल्या, त्यांबरोबर बिट वर उचलण्याची ओळही पुसली गेली. उरलेल्या फाईलची पहिली ओळ 'जी ०' ची होती, पुढच्या वेलीकडे हवेतून धावण्याची. बिट हवेत आहे असे समजून मशीन धावले. बिट लाकडात होते.

जी-कोडची ही खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकदा दिलेला हुकूम दुसरा येईपर्यंत चालू राहतो. उठावाच्या नक्षीच्या हजारो ओळींत 'जी १' पुन्हा लिहिलेला नसतो, नुसती एक्स, वाय, झेडची मापे असतात. कारण 'जी १' वर कोठेतरी एकदा सांगून झालेला असतो. वेगाचा 'एफ'ही तसाच. वरचा भाग कापला की हे सारे हुकूम जातात, आणि उरलेल्या ओळी पोरक्या होतात.

म्हणून अर्ध्यावरून सुरू करताना मूळ फाईलला हात लावू नये. तिची दुसऱ्या नावाने प्रत करावी. प्रथम बिट हाताने, म्हणजे सॉफ्टवेअरच्या बाणांच्या कळांनी, झेड दिशेत लाकडाबाहेर काढावे. लाईट गेल्यावर मोटारी सैल पडतात व गॅन्ट्री किंचित हलू शकते, म्हणून झिरो पुन्हा घ्यावा. यासाठी काम सुरू करतानाच लाकडाच्या फुकट जाणाऱ्या कोपऱ्यात पेन्सिलने झिरोची फुली करून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते. मशीनला होमचे स्विच असतील तर उत्तमच.

मग नव्या फाईलच्या डोक्यावर ओळी याप्रमाणे घालाव्यात. आधी 'जी २१ जी ९०'. त्याखाली 'जी ० झेड १५', म्हणजे बिट लाकडाच्या पंधरा मिलिमीटर वर. त्याखाली 'एम ३' आणि स्पिंडलचा वेग. त्यानंतर 'जी ४' ची ओळ, स्पिंडल वेग घेईपर्यंत थांबण्यासाठी. या ओळीतील आकडा कोठे सेकंद समजला जातो, कोठे सेकंदाचा हजारावा भाग, ते आपल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहून घ्यावे, नाहीतर पाच सेकंदांऐवजी मशीन तासभर थांबेल आणि पुन्हा 'गोठले' म्हणून ओरड होईल. मग 'जी ०' ने एक्स आणि वाय त्या जागी न्यावेत जेथून कापणे सुरू करावयाचे आहे. शेवटी 'जी १' ने झेड सावकाश खाली, 'एफ' सह. त्याखाली जुन्या ओळी. जेथे थांबले होते त्याच्या पन्नास-शंभर ओळी आधीपासून सुरुवात करावी. झालेल्या जागेवरून बिट पुन्हा फिरले तर काही बिघडत नाही, मध्ये जागा सुटली तर मात्र डाग राहतो.

काही सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या ओळीपासून काम सुरू करण्याची सोय असते. मॅक-३ आणि लिनक्स-सीएनसी दोहोंत ती आहे. पण तीही प्रथम झेडचा झिरो दोन बोटे वर घेऊन हवेत चालवून पाहावी. दशांश चिन्ह तपासावे. 'झेड -०.५' च्या जागी 'झेड -५' पडले तर नक्षीचे भोक होते.

माझ्या मित्राने त्या संध्याकाळीच गिऱ्हाइकाला फोन करून घडलेला प्रकार सांगितला आणि नवे सागवान स्वतःच्या खर्चाने आणले. भाच्याला त्याने दोन दिवस मशीनजवळ उभे केले नाही. चर पडलेला पल्ला आता बेडवर खालची फळी म्हणून बसविला आहे. त्यावर नवे जॉब खिळतात.

वर्कशॉपची मांडणीही त्याने बदलली. मशीनचा संगणक जुनाच आहे. प्रिंटर पोर्टवरून चालणारे मॅक-३ हे ३२ बिटच्या विंडोजवर, तेही विंडोज ७ पर्यंतच चालते, आणि विंडोज ७ ची देखभाल कंपनीने जानेवारी २०२० मध्ये थांबविली. अशा संगणकाला इंटरनेटची तार लावू नये, आणि त्यावर मशीनचे सॉफ्टवेअर व साधे नोटपॅड यांखेरीज काही ठेवू नये. डिझाईन, मोठ्या फाईलची दुरुस्ती, ओळींची तपासणी हे सारे दुसऱ्या संगणकावर, भुशापासून दूर करावे. फाईल तपासून तयार झाली की पेन ड्राईव्हने मशीनच्या संगणकाच्या डिस्कवर आणावी. एखाद्या बंधूला हे पद्धतशीर शिकावयाचे असेल, किंवा मुलाला शिकवावयाचे असेल, तर छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसीचे अभ्यासक्रम असतात. तेथे धातूवर शिकवितात, पण जी-कोड लाकडाला वेगळा नाही.